मीठ किती घालायचं?

गोड्या पाण्याची टाकी पाच-सात वर्षं नीट सांभाळलेला माणूस खाऱ्या पाण्याकडे वळायचं ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. विचारणाऱ्याचा अनुभव खरा असतो. त्याच्याकडे गप्पींच्या कितीतरी पिढ्या वाढलेल्या असतात, एंजलच्या जोडीने फिल्टरच्या नळीवर अंडी घातलेली असतात, एखाद्याने डिस्कससारखा नाजूक मासाही चार-चार वर्षं टिकवलेला असतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे त्याच्या हाताला माहीत असतं. म्हणून त्याला वाटतं, तीच टाकी, तोच फिल्टर, तोच हात; आता फक्त पाण्यात मीठ पडणार.

प्रश्नाचं एका ओळीत उत्तर आहे: लिटरला साधारण ३५ ग्रॅम. २०० लिटरच्या टाकीला सात किलो. उत्तर अगदी बरोबर आहे, आणि तेवढंच ऐकून कामाला लागलेल्यांच्या टाक्या तीन महिन्यांत रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. माझी पहिली टाकी त्यांतलीच. त्या एका ओळीमागे काय काय आहे ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं. प्रस्तावना जरा लांबली आहे, कारण त्यातल्या काही गोष्टी पुस्तकाच्या मधल्या पानांवर पोचेपर्यंत थांबू शकत नाहीत. टाकी विकत घेण्याआधीच त्या कळायला हव्यात.

मिठापासूनच सुरुवात करते. माझं आजोळ पेणच्या बाजूला, मिठागरांच्या शेजारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं बांधांवरून फिरत असू. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की ते ओढून बांधावर ढीग घालायचे. मीठ ओढून झाल्यावर तळाशी थोडं दाट, तेलकट दिसणारं पाणी उरायचं. आजोबांनी एकदा ते बोटावर घेऊन जिभेला लावायला सांगितलं. खारट लागेल अशा तयारीने लावलं, तर कडूजहर. "हे सोडून द्यायचं," एवढंच ते म्हणाले.

त्या कडवटपणाचा अर्थ मला पुढे तीस वर्षांनी, टाकीसमोर बसून कळला. समुद्राचं पाणी आटताना त्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, त्यानंतर आपलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, आणि तेच ते कडू पाणी. म्हणजे मिठागर हे समुद्रातून मीठ वेगळं काढण्याचं काम आहे, आणि आगरातला माणूस ते इतकं कुशलतेने करतो की बाकीचा समुद्र मागेच राहतो. स्वयंपाकघरातलं मीठ पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही तो यामुळे. समुद्राच्या १०० ग्रॅम क्षारांत साधारण ५५ ग्रॅम क्लोराइड आणि ३० ग्रॅमच्या वर सोडियम असतं. उरलेल्यात जवळजवळ आठ ग्रॅम सल्फेट, चारच्या आसपास मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी एक ग्रॅमहून थोडं जास्त. गोगलगाय शंख बांधते, दगडावर गुलाबी-जांभळं कडक शेवाळ चढतं, पाण्याचा पीएच एका जागी टिकतो, ते सगळं या उरलेल्या थोड्या भागावर. दुकानात 'मरीन सॉल्ट' म्हणून जे मिश्रण मिळतं त्याची किंमत या भागासाठी मोजायची असते. जाडं मीठ, खडे मीठ, सैंधव यांतलं काहीही त्याच्या जागी चालत नाही.

आणि ते मिश्रण मुळात शक्य झालं ते एका लांबच्या समुद्रप्रवासामुळे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज जगातले महासागर धुंडाळत फिरलं. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला: खारेपणा ठिकाणागणिक कमी-जास्त होतो, पण मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळ्या महासागरांत जवळपास सारखंच राहतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते. समुद्र कधी न पाहिलेल्या गावात, सोलापूरला किंवा चंद्रपूरला, एखाद्याच्या गॅलरीतल्या निळ्या पिंपात समुद्र तयार होतो तो या एका गोष्टीच्या जोरावर.

किनाऱ्यावर राहणारे विचारतात, मग समोरचंच पाणी का आणू नये? मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्यामुळे बाद. कोकणात जरा लांब, होडीने आत जाऊन पाणी आणणारे हौशी लोक आहेत, आणि हिवाळ्यात ते चालूनही जातं. पण पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गढूळ पाणी समुद्रात उतरतं आणि किनाऱ्याजवळचा खारेपणा पार खाली येतो. चार महिने टाकीला पाणीच नाही, असं करून चालत नाही. पहिली टाकी करणाऱ्याने आरओचं पाणी आणि तयार मिश्रण यांच्यावरच भरवसा ठेवावा. नळाचं किंवा टँकरचं पाणी थेट घेऊ नये. त्यातला क्लोरीन उडवता येतो, पण बोअरवेलचं नायट्रेट आणि जुन्या नळांतलं तांबं जात नाही, आणि तांब्याचा अंशही गोगलगायी-कोळंब्यांना मारक ठरतो.

आता मासा. आपण म्हणतो मासा पाण्यात राहतो. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या माशांची पाण्याशी चाललेली झटापट मात्र एकमेकींच्या अगदी उलट असते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी सारखं त्याच्या अंगात शिरत असतं. तो पाणी जवळजवळ पीतच नाही आणि पातळ लघवीवाटे ते सतत बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाचं पाणी उलट सारखं बाहेर ओढलं जातं. चोहीकडे पाणी असून तो कोरडा पडत असतो. तो समुद्र पितो, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, लघवी अगदी थोडी करतो. रायगडातल्या वाचकाला हे जिताड्यावरून चटकन उमगेल. जिताड्याची वीण खाऱ्या पाण्यात होते आणि आपल्याकडे तो गोड्या तलावात वाढवला जातो, कारण त्याच्या शरीराला दोन्ही कामं येतात. मॉलीलाही हळूहळू सवय लावली तर ती पूर्ण खाऱ्या पाण्यात जगते. टाकीत ठेवायचे बाकीचे बहुतेक मासे इतके दणकट नसतात. खारेपणा एका दिवसात वर-खाली झाला की त्यांच्या मूत्रपिंडांवर आणि कल्ल्यांवर ताण येतो. तो ताण बाहेरून दिसत नाही आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या हातून नेमकं तेच झालं. मे महिना होता. पाणी तापू नये म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला होता, आणि रोज दोनेक लिटर पाणी उडून जायचं. गोड्या टाकीत पातळी उतरली की आपण भर घालतो; तीच सवय. टाकी खाऱ्या पाण्याची म्हणून मी भरही खाऱ्या पाण्याची घालत गेले. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ जिथल्या तिथे राहतं, हे मिठागराच्या बांधावर वाढलेल्या मुलीला कळायला हवं होतं. रोज ७० ग्रॅम मीठ जादा पडत होतं. २१ दिवसांत जवळजवळ दीड किलो. खारेपणा मोजायचा प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर मात्र रोज नेहमीचंच १.०२५ विशिष्ट गुरुत्व दाखवायचा, कारण काट्यावर मिठाचं बारीक पुट बसून तो जड झाला होता. आधी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. मग दोन क्लाऊनफिशपैकी धाकटा पंपाच्या मागे, पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून थांबायला लागला. ओळखीतल्या एकाचा रिफ्रॅक्टोमीटर आणून थेंब टाकला, तर १.०३१. पुढचे पाच दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून साधं आरओचं पाणी घालत खारेपणा खाली आणला. थोरला वाचला, धाकटा गेला. त्या टाकीची मोडतोड मी स्वतः केली आणि दीड वर्ष पुन्हा हात लावला नाही.

एवढ्यासाठी माझी पहिली सूचना अशी आहे की टाकीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो लिटरला ३५ ग्रॅम खारेपणाच्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या. टाकीच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीची एक आडवी रेघ लावा. पाणी रेघेखाली उतरलं की साधं आरओचं पाणी, तेही रोज, थोडं थोडं. पाणी बदलायचं असेल तेव्हाच खारं. गोड्या पाण्यात आपण मासे पाळतो आणि पाणी त्यांच्यामागून येतं. खाऱ्यात पाणी पाळायला लागतं. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं याच एका गोष्टीची आहेत.

नायट्रोजनचं चक्र वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालते. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, त्याचं पुढे नायट्रेट. गोड्यातही हेच, खाऱ्यातही हेच. फरक एवढाच की अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ असलेल्या टाकीत एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग घातक रूपात असतो, समुद्राच्या ८.२ पीएचला तो जवळपास दहापटीने वाढतो. गोड्या टाकीत जी थोडी चूक माशाने पचवली असती ती इथे त्याच्या कल्ल्यांवर उठते. म्हणून मासा घालून टाकी 'पिकवण्याची' जुनी पद्धत मला अजिबात मान्य नाही. निळे डॅमसेल स्वस्त आणि चिवट म्हणून ते आधी सोडायचे, जगले तर टाकी तयार झाली असं समजायचं, असा सल्ला आजही दिला जातो. तो क्रूर आहे. अमोनियम क्लोराइडचे मोजून थेंब घाला, बाटलीतले जिवाणू हवे तर घाला, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला लागेपर्यंत थांबा. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही.

या आठवड्यांत माणसाचा धीर सुटतो. टाकी दिव्याखाली लखलखत असते आणि आत एकही मासा नसतो. घरचे विचारतात, शेजारी विचारतात. मग पांढरी वाळू तपकिरी होते, जणू कुणी वरून चहाची भुकटी शिंपडली. हे डायटम. घाबरून जायचं कारण नाही. ते स्वतःहून जातात, आणि मागून हिरवं केसाळ शेवाळ येतं. नवशिका इथेच औषधं ओततो, सगळं धुऊन काढतो आणि चक्र पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतो. त्यापेक्षा रात्री दिवे मालवून तास-दीड तास झाल्यावर टॉर्चला लाल कागद लावून काचेजवळ बसा. काचेवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतील, आणि नीट पाहिलं तर ते थांबत थांबत, झटक्याने पुढे सरकतात. हे कोपेपॉड. दगड-वाळूबरोबर किंवा जिवाणूंच्या बाटलीबरोबर आलेले, आता इथे वाढलेले. माझ्या दुसऱ्या टाकीत सातव्या आठवड्यात दगडाच्या फटीतून एक पिसाऱ्यासारखा झुपका बाहेर आला, दोन काड्यापेटीच्या काड्यांएवढा रुंद. मी नाक काचेजवळ नेलं तशी सावली पडून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटून गेला, आणि दहा मिनिटं वाट पाहिल्यावर एकेक पीस उघडत परत आला. नळीत राहणारा किडा होता तो. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की टाकी लागली.

समुद्र घरात आणण्याची ही खटपट काही आजची नाही. झान विलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ साली सिसिलीतल्या मेसिनाला काचेच्या टाक्या करून त्यांत आर्गोनॉट नावाचे, शिंपल्यात राहणारे ऑक्टोपसचे भाईबंद ठेवून त्यांचा अभ्यास केला. १८४६ साली अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचं पाणी संपत आलं तेव्हा ते मरू नयेत म्हणून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीसमोर, रोज अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, आणि ते काम घरातली मोलकरीण करायची. आज आपण ज्यासाठी पाच वॉटचा पंप लावतो ते काम त्या मुलीच्या हातांनी केलं, आणि तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईला समुद्रातले रंगीत मासे काचेआड दिसले ते १९५१ साली, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. माझ्या पिढीतल्या अनेकांचं वेड तिथल्याच अंधाऱ्या दालनात सुरू झालं.

यातला एक टप्पा मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. १९६१ साली जकार्तातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. तोवर खाऱ्या टाक्या निर्जंतुक ठेवायच्या, उकळून पांढरे केलेले प्रवाळांचे सांगाडे शोभेला मांडायचे अशी चाल होती, आणि मासे पटापट मरत. ली यांनी समुद्रातले जिवंत, शेवाळ-किडे-स्पंज अंगावर असलेले दगडच टाकीत ठेवले, हवेचे बुडबुडे सोडले, आणि मासे जगले. दगडाच्या असंख्य छिद्रांत राहणारे जिवाणू पाणी साफ करत होते. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे वादळी दिवसांत जुहूच्या वाळूवर जो फेस येतो तोच एका नळकांड्यात घडवून, त्याला चिकटलेली घाण वेगळी काढणारं यंत्र. आजची प्रत्येक टाकी या दोन कल्पनांवर उभी आहे.

दगडाचा विषय निघाला म्हणून आता कायद्याचं बोलायला हवं, आणि इथे मला वाचकाकडून पूर्ण लक्ष हवं आहे. कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, सी ककंबर या सर्वांना आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. २००१ साली त्यांचा तिथे समावेश झाला. हा दर्जा वाघाचा आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून टाकीत मांडू नये. 'लाइव्ह रॉक' म्हणून कुणी काही देऊ केलं आणि ते कुठून आलं हे तो सांगू शकला नाही, तर घेऊ नये. सिमेंट किंवा सिरॅमिकचे तयार सच्छिद्र दगड मिळतात. त्यांवर जिवाणू वसायला वेळ जास्त लागतो एवढंच, आणि वेळ तर आपण द्यायचाच आहे. परदेशी प्रवाळांनाही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराची बंधनं आहेत. पहिली टाकी फक्त माशांची असावी, हे माझं मत या कारणानेही पक्कं झालं आहे.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला लक्षद्वीप, अंदमान आठवतं. पण ते इथेही आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य आहे, आणि तिथे पाण्यात तोंड घातलं की प्रवाळ दिसतात. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रवाळप्रदेश आहे. आणि खुद्द मुंबईत, किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ज्या पाण्यात आपण पाय बुडवायला धजत नाही त्यात प्रवाळ जगत होते. ज्याला खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे त्याने त्याआधी एकदा तरी हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला, जाणकार माणसाबरोबर, खडकाळ किनाऱ्यावर जावं. खळग्यात साठलेल्या पाण्याकडे अर्धा तास न हलता पाहावं आणि काहीही न उचलता परत यावं.

माशांबाबतही तेच. गोड्या पाण्यातले आपले बहुतेक मासे शेततळ्यांत, सिमेंटच्या टाक्यांत पैदास केलेले असतात. समुद्रातल्या शोभेच्या माशांपैकी बहुतेक आजही थेट प्रवाळांवरून पकडून आणले जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात कित्येक वर्षं हे सोडियम सायनाइडने केलं गेलं. खडकाच्या फटीत विष फवारायचं, गुंगलेला मासा हाताने काढायचा. मासा दुकानापर्यंत टवटवीत दिसतो आणि आठवडाभराने कारण न कळता मरतो. त्या फटीतले प्रवाळ तिथेच मरून जातात. सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच सापडणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांगाई कार्डिनल मासा या व्यापारानेच संकटात आला. नर आपल्या तोंडात अंडी सांभाळतो असा हा मासा आहे, आणि टाकीत त्याची वीण सहज होते. म्हणजे त्याला समुद्रातून उपसायची गरजच नव्हती.

याच्या उलट क्लाऊनफिश. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे त्याच्या अनेक जातींची पैदास यशस्वी केली आहे. टाकीत जन्मलेलं पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून दुकानातलं खाद्य खातं, टाकीच्या पाण्याला सरावलेलं असतं, आणि त्यासाठी एकही प्रवाळ मोडलेला नसतो. माझी शिफारस निःसंकोच त्याचीच आहे. माझ्या जोडीने तिसऱ्या वर्षी टाकीच्या कोपऱ्यात, एका उताण्या मडक्याच्या आतल्या बाजूला अंडी घातली. पहिल्या दिवशी केशरी ठिपके. नर दिवसभर पंखांनी त्यांना वारा घालायचा, तोंडाने एकेक साफ करायचा, खराब झालेलं उचलून टाकायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले. आठव्या रात्री, दिवे मालवल्यावर, पिल्लं सुटली. मला ती वाढवता आली नाहीत; त्यांना रोटिफर नावाचं सूक्ष्म जिवंत खाद्य लागतं आणि माझी तयारी नव्हती. या जातीत मोठा मासा मादी असतो. ती गेली तर नराचीच मादी होते. जपलं तर क्लाऊनफिश वीस वर्षांहून जास्त जगतो. मासा घेताना आपल्या वयात वीस मिळवून पाहावेत.

कुठले मासे घेऊ नयेत तेही इथेच सांगते, कारण दुकानात नेमके तेच डोळ्यांत भरतात. निळा टँग फुटाच्या आसपास वाढतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड टिपतो. नव्या टाकीत तो उपाशी मरतो, आणि तेही हळूहळू. मूरिश आयडॉलला हात लावू नका. क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, तुमच्या तीन माशांवर त्याचं पोट भरणार नाही. आणि जो कुठला मासा आणाल तो आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. खाऱ्या पाण्यातली पांढरे ठिपके पडण्याची रोगराई गोड्यातल्यापेक्षा वेगळ्या जीवाची आहे आणि बरी करायला अवघड. तिच्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टाकीत घातलं तर गोगलगायी-कोळंब्या संपतात.

आपल्या हवेचं आणि विजेचं एक वेगळं प्रकरण आत आहे. परदेशी पुस्तकांत ते मिळत नाही, म्हणून ते मी सगळ्यात मन लावून लिहिलं. खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक-पंचमांशाने कमी मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यातल्या दुपारी तीन तास वीज गेली तर गोड्या टाकीतला मासा तगून जाईल, खाऱ्यातला तगेलच असं नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप ही चैन समजू नका. पंख्याने पाणी थंड करण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालते, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत फारशी नाही. नागपूरला मात्र भर घालण्याचं पाणी दुप्पट लागेल. पाणी २५ ते २७ अंशांवर टिकत नसेल आणि चिलरचा खर्च झेपणार नसेल, तर मे संपेपर्यंत टाकी लांबणीवर टाका.

खर्च किती, हेही विचारलं जातं. त्याच मापाच्या गोड्या टाकीच्या तिप्पट-चौपट धरून चला, आणि त्यातला अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर जाईल: आरओ, स्किमर, चाचणी संच, मीठ. जुन्या टाकीची काच, स्टँड, हीटर वापरता येईल. स्टँड आधी तपासा, कारण २०० लिटर पाणी आणि दगड मिळून सव्वादोनशे किलोच्या वर जातं. ज्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलं असेल ती मात्र वापरू नका. लहान टाकी स्वस्त पडते म्हणून ४० लिटरपासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. लहान पाण्यात दुपारची चूक संध्याकाळपर्यंत माशापर्यंत पोचते. २०० लिटरमध्ये ती सुधारायला दोन दिवस मिळतात.

या पुस्तकात प्रवाळांची टाकी कशी करावी हे नाही. ते मला येतं असं म्हणण्याइतकी माझी वर्षं झालेली नाहीत. इथे आहे ते एवढंच: २०० लिटर खारं पाणी, त्यात तीन-चार मासे, काही गोगलगायी, आणि ते पाणी वर्षभर एकाच जागी उभं ठेवण्याची रोजची पंधरा मिनिटं. ज्यांनी गोड्या पाण्यात चुका करून हात बसवला आहे त्यांना ती पंधरा मिनिटं जड जाणार नाहीत.

वाचकाला एकच विनंती आहे. चक्र पुरं होईल, चाचणीची नळी सलग आठवडाभर स्वच्छ राहील, आणि तुम्ही पहिला मासा आणायला बाजारात जाल. माशाचा रंग, भाव, नाव विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, हा मासा कुठे जन्मला. त्याला सांगता आलं नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी या.